अँबेसेडर आणि पद्मिनी: चांगली गाडी कोणती?

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन नावं हमखास येतात: अँबेसेडर आणि फियाट. मग वाद ठरलेलाच, चांगली कोणती? आज आपण दोघींना शेजारी उभं करून पाहू.

आधी घराणं. अँबेसेडर मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने १९५७ च्या सुमारास ती बंगालमध्ये, उत्तरपाड्याला बनवायला घेतली. फियाट ११०० इटलीची, पण घडली कुर्ल्याला. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली होती. तिथल्याच फियाटचं नाव १९७० च्या दशकात पद्मिनी झालं.

आता अंगकाठी. अँबेसेडरचं ओळखीचं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं, लांबी सव्वाचार मीटरच्या वर. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, लांबी चार मीटरच्या आत. पद्मिनी हलकी, गल्लीत चटकन वळणारी, म्हणून मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती शोभली. पण वाशिम-रिसोडकडच्या काळ्या मातीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर माणसं आणि सामान एकदम न्यायचं, तर अँबेसेडरची ऐसपैस सीट आणि मोठी डिकी कामाला येते. म्हणजे उत्तर गाडीत नाही, रस्त्यात आणि गरजेत आहे.

पण खरा प्रश्न पुढे आहे. दोन्ही गाड्या इतकी वर्षं जवळपास तशाच का राहिल्या? किती गाड्या बनवायच्या, यालाही तेव्हा सरकारचा परवाना लागे. परदेशी गाड्यांना दार जवळपास बंद. गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. विकल्याच जाणार, तर सुधारायच्या कशाला? डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा हे चित्र पालटू लागलं.

गंमत बघा, ज्या गुणासाठी आपण त्यांची आठवण काढतो, तो याच दोषातून आलाय. मॉडेल फारसं बदललं नाही, म्हणून जुना पार्ट नव्या गाडीला बसायचा आणि तालुक्याच्या मिस्त्रीलाही इंजिन तोंडपाठ असायचं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, अँबेसेडरचं २०१४ मध्ये. आज आपल्याला नवी सोय हवी असते आणि घराजवळची दुरुस्तीही. त्या काळी दुसरी मिळाली, कारण पहिली नव्हती. आता दोन्ही मागायला काय हरकत आहे?