दुकान उघडे ठेवून वही बदलणे



वही बदलण्याचा दिवस आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. दिवाळीस जुन्या वहीतील बाक्या नव्या वहीत ओढावयाच्या, वहीपूजन करावयाचे आणि नव्या पानावर पहिली रक्कम टाकावयाची. त्या घटकाभरात दारात गिऱ्हाईक उभे नसे. आता मात्र पेढीला एक दार असे लाभले आहे की जे कधी मिटतच नाही. ते म्हणजे संकेतस्थळ. गोव्याकडील किरकोळ दुकानदार स्वतःचे दुकान आवरून रात्री अकरा वाजता तांदूळ नोंदवितो आणि खानापूरचा पहाटे उठून भाव पाहतो. या दारामागील वहीस डेटाबेस म्हणतात. दार न लावता ही वही कशी बदलावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. आम्ही संगणकतज्ज्ञ नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे ठोक व्यापारी आहोत. परंतु वही कागदाची असो वा विजेची, तिची शिस्त एकच, असे आमचे मत आहे.

प्रश्न कोठून उद्भवला ते प्रथम सांगतो. आमच्या मागणीच्या तक्त्यात ‘पोती’ एवढा एकच रकाना होता. पोते पन्नास किलोचे, हा सर्वांचा समज होता व तो त्या काळी योग्यही होता. पुढे तीस व पंचवीस किलोच्या पिशव्या आल्या. १८ जुलै २०२२ पासून बांधीव व लेबल लावलेल्या, २५ किलोपर्यंतच्या धान्याच्या पिशवीस ५ टक्के जीएसटी लागू झाला आणि पिशवीचे वजन हा कराचाही प्रश्न बनला. चाळीस पोती म्हणजे पन्नासच्या हिशेबाने वीस क्विंटल, तर तीसच्या हिशेबाने बाराच. क्विंटलला ३,००० रुपये भाव धरला तर फरक २४,००० रुपयांचा पडतो. सबब ‘वजन, किलोत’ असा नवा रकाना अगत्याचा झाला.

एका कारागिराने सुचविले की एक रात्र संकेतस्थळ बंद ठेवावे, जुना रकाना पुसावा, नवा मांडावा आणि सकाळी दार उघडावे. वरवर हे सोपे दिसते. पण पहाटे तीन वाजता हिशेब जुळला नाही, तर पडताळण्यास जुना रकानाच शिल्लक नसतो. शिवाय त्या रात्री परत गेलेले गिऱ्हाईक दुसऱ्या पेढीवर जाते, आणि एकदा दुसरीकडे रुळलेले गिऱ्हाईक सहसा परतत नाही.

याहून मोठी वही आपल्या देशाने बाजार चालू ठेवून बदललेली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली. जुने आणे व नवे पैसे पुढे काही वर्षे एकाच गल्ल्यात नांदले. नवे नाणे अंगवळणी पडल्यावर, १ जून १९६४ पासून, ‘नवा’ हे विशेषणही गळाले. आधी नवे आणावे, मग जुने व नवे एकत्र चालवावे, आणि विश्वास बसल्यावरच जुने काढावे, हे त्या बदलाचे मर्म होते. डेटाबेसलाही हाच क्रम लागू पडतो.

पहिली पायरी अशी की, नवा रकाना रिकामा जोडावा व जुन्यास हात लावू नये. दुसरी, येणारी प्रत्येक मागणी दोन्ही रकान्यांत लिहावी. तिसरी, पूर्वीच्या नोंदींचे वजन काढून नव्या रकान्यात भरावे, परंतु लाखभर नोंदी एका दमात नव्हे. हजार-हजारांच्या खेपा कराव्या आणि मध्ये थोडी उसंत द्यावी, म्हणजे चालू गिऱ्हाइकाची वाट अडत नाही. येथे एक सावधगिरी हवी. वजन काढताना पिशवीचे आजचे माप न घेता मागणीच्या दिवशीचे माप घ्यावे.

चौथी पायरी ताळा घेण्याची, आणि बहुतेक घाई येथेच होते. एक आणा म्हणजे वस्तुतः सव्वासहा नवे पैसे, पण कोष्टकात सहा धरले होते. म्हणून एकेक आणा चार वेळा बदलला तर चोवीस पैसे होत, चार आणे एकदम बदलले तर पंचवीस. असा पैशाचा फरक लाख नोंदींत दडून बसू शकतो. यास्तव एकेक नोंद व एकूण बेरीज, दोन्ही ताडून पाहाव्या. पाचवी पायरी, ताळा जुळल्यावर बिले व पावत्या नव्या रकान्यावरून काढू लागावे. सहावी, काही आठवडे निर्वेध गेल्यावर जुन्यात लिहिणे थांबवावे, आणि शेवटी तो काढावा. प्रत्येक पायरीवर, जुना रकाना जिवंत असेतोवर, मागे येण्याची वाट मोकळी असते.

आता कुलुपाविषयी दोन शब्द. तक्त्याची रचना बदलताना डेटाबेस त्या तक्त्यास क्षणभर कुलूप घालतो. क्षणभराने बिघडत नाही. पण त्याच वेळी कोणी वर्षभराचा मोठा अहवाल काढीत बसला असेल, तर रचना बदलणारा त्याच्यामागे थांबतो आणि सारी गिऱ्हाइके याच्यामागे. वजनकाट्याच्या अरुंद वाटेत एक ट्रक अडकला की मागे रांग लागते, तद्वतच हे. यावर उपाय असा की, दोन-तीन सेकंदांत कुलूप न मिळाल्यास माघार घ्यावी व पुन्हा प्रयत्न करावा, अशी मर्यादा आधीच घालून द्यावी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘लॉक टाइमआउट’ नावाने ही सोय आहे.

साधनेही आता सुधारली आहेत. पोस्टग्रेसमध्ये चालू तक्त्यावर, लिहिणे न थांबविता, सूची तयार करण्याची सोय २००६ सालच्या ८.२ या आवृत्तीपासून आहे. ठरावीक मूल्य असलेला नवा रकाना, सारा तक्ता पुन्हा न लिहिता, जोडण्याची सोय २०१८ साली ११ व्या आवृत्तीत आली, आणि मायएसक्यूएलमध्येही रकाना तत्काळ जोडण्याची सोय त्याच वर्षी झाली. गिटहब या संस्थेने २०१६ साली खुले केलेले ‘घोस्ट’ नावाचे साधन तर तक्त्याची बदललेल्या रचनेची प्रत शेजारी तयार करते, चालू नोंदी तीत उतरवीत राहते आणि अखेरीस क्षणार्धात अदलाबदल करते.

प्रत्येक वेळी एवढा खटाटोप करावाच, असे आमचे म्हणणे नाही. लहान पेढीने, चार दिवस आधी सूचना देऊन, दहा मिनिटे दार लावले तर त्यात उणेपणा नाही. मात्र दोन गोष्टी कोणीही टाळू नयेत. वहीची नक्कल आधी काढावी, आणि त्या नकलेवरून वही खरोखर उभी राहते की नाही हे प्रत्यक्ष करून पाहावे. न पारखलेली नक्कल म्हणजे न मोजता घेतलेला माल होय.

आमच्या तरुण मंडळींस संगणक आमच्याहून अधिक कळतो, याचा आम्हांस आनंदच आहे. त्यांनी कारागिराला काम देताना ‘किती वेळात होईल?’ एवढेच न विचारता, ‘मध्येच अडले तर मागे कसे यावयाचे?’ हेही विचारावे. याचे उत्तर ज्याच्यापाशी तयार असेल, त्याच्याच हाती वही द्यावी. रात्री अकरा वाजता चाळीस पोती नोंदविणाऱ्या दुकानदारास आपल्या वहीत काय चालले आहे याची वार्ताही नसते. सकाळी त्याच्या दारी नोंदविला तेवढाच माल उतरावा, इतकीच त्याची अपेक्षा असते, आणि पेढीची पत त्यावरच उभी असते.