शेंडेनक्षत्राची शेपटी

औंधच्या आम्हा बचत गटांच्या बायकांकडून आज थोडं आभाळातलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवस मावळल्यावर पश्चिमेला एक धूमकेतू दिसत होता. त्याचं नाव त्सुचिनशान-अ‍ॅटलास. जुनी माणसं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात आणि ते दिसणं वाईट मानतात. त्याच सुमारास घरात काही विपरीत घडलं, तर बोट नव्या सुनेकडे वळायला वेळ लागत नाही. म्हणून ही शेपटी कशी होते, ते नीट समजून घेऊ.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची वाफ होते आणि चहूकडे पसरते. सूर्याकडूनही एक वारा सतत वाहतो. तो आपल्या हवेचा नाही, विजेचा भार असलेल्या कणांचा. अशा कणांच्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. आकाशात चमकणारी वीजही प्लाझ्माच. हा सौरवारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर धावतो.

धूमकेतूच्या वाफेवर विजेचा भार नसतो, म्हणून सौरवारा तिला धरू शकत नाही. पण सूर्याचे अतिनील किरण वाफेच्या कणातला एक इलेक्ट्रॉन उडवतात. मग त्या कणावर भार येतो आणि सौरवाऱ्यासोबत आलेलं चुंबकीय क्षेत्र त्याला पकडून ओढू लागतं.

आता रिकामी ढकलगाडी उतारावर नाही, सपाट रस्त्यावर धावतेय असं समजा. वाटेत तिच्यात एकेक पोतं टाकत गेलं, तर कुणी ब्रेक न लावताही ती मंदावते. कारण प्रत्येक पोत्याला तिला आपला वेग द्यावा लागतो. सौरवाऱ्याचं तसंच होतं. नव्या कणांचं ओझं वाढलं की तो धूमकेतूजवळ मंदावतो, बाजूनं मात्र जोरात वाहत राहतो. वाऱ्यावर उडणारं लुगडं बाभळीला अडकलं की मधला भाग अडतो आणि दोन्ही टोकं मागं फडफडतात. चुंबकीय क्षेत्रही तसंच धूमकेतूभोवती गुंडाळलं जातं. त्यातून भारित कण मागं ओढले जातात आणि सरळ, निळसर शेपटी होते. धुळीची शेपटी वेगळी, ती पिवळसर आणि वाकडी.

म्हणूनच ही निळसर शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते. धूमकेतू परत जाताना शेपटी पुढं आणि डोकं मागं! यावरूनच जर्मनीच्या लुडविग बिअरमन यांनी १९५१ मध्ये सूर्याकडून कणांचा झोत वाहत असावा, असं ओळखलं. १९८६ मध्ये जिओट्टो यान हॅलेच्या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा मंदावलेला सौरवारा यंत्रांनी मोजला.

आज आपलं आदित्य एल-१ यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सौरवारा मोजतंय. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेनं घडवलीय.

तर मैत्रिणींनो, शेंडेनक्षत्राची शेपटी वाफ, ऊन आणि सौरवारा यांनी होते. तिचा कुणाच्या पायगुणाशी संबंध नाही. पुढचा धूमकेतू दिसेल तेव्हा सुनेला अंगणात बोलवा आणि शेपटी सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे, ते दोघी मिळून बघा.