आठ पायांच्या पाहुण्याचे घर

जुलै २०२१ मधली गोष्ट. चेन्नईत सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेले एक पार्सल उघडले. आत थर्माकोलचा डबा होता. डब्यात चंदेरी कागद आणि कापूस गुंडाळलेल्या १०७ इवल्याशा प्लॅस्टिकच्या कुप्या होत्या आणि प्रत्येक कुपीत एक जिवंत कोळी! तज्ज्ञांना बोलावण्यात आले. हे कोळी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे टॅरंटुला असावेत, असे त्यांचे मत पडले. ना आयातीचा परवाना, ना प्राण्यांच्या आरोग्याचा दाखला. अखेर पार्सल आल्या वाटेने परत धाडण्याचा निर्णय झाला.

कुत्रा, मांजर आणि काचपेटीतले मासे यांच्या पलीकडची ही हौस आता आपल्याकडेही पोहोचली आहे, हे या पार्सलाने दाखवून दिले. हौसेला मोल नसते म्हणतात. पण इथे मोल मोजावे लागते ते बहुधा त्या मुक्या जिवाला. पेटी सुंदर सजते, दिवे लागतात, रंगीत खडे येतात आणि काही महिन्यांत कोळी मरून पडतो. चूक कोळ्याची नसते, सजावटीची असते.

आधी कागद, मग काच

टॅरंटुला हे नाव इटलीतल्या तारांतो गावावरून पडले. मूळचा तो कोळी वेगळाच. पुढे हे नाव अमेरिकेतल्या मोठ्या केसाळ कोळ्यांना चिकटले. आज थेराफोसिडी या कुळातल्या हजाराहून अधिक जातींना टॅरंटुला म्हणतात. त्यातल्या कित्येक आपल्या देशातल्या आहेत. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा, पायांवर पिवळे-काळे पट्टे असलेला पोएसिलोथेरिया रेगॅलिस हा त्यांपैकीच एक.

आंध्र प्रदेशातल्या निळ्याजर्द पोएसिलोथेरिया मेटॅलिकाची कहाणी तर चटका लावणारी आहे. १८९९ मध्ये पोकॉक या शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली, ती गुत्ती गावच्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका कोळ्यावरून. त्यानंतर शंभर वर्षे तो कुणाला दिसलाच नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात तो पुन्हा सापडला. आज त्याची गणना अत्यंत धोक्यात आलेल्या जातींत होते. त्याच्या झाडांवर कुऱ्हाड चालते आणि त्याच्या रंगावर जगभरच्या हौशी लोकांचा डोळा असतो.

म्हणूनच रानातला कोळी उचलून घरी आणणे हा मार्ग कायमचा बंद समजावा. पोएसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती २०१९ पासून ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. लाल गुडघ्यांचा मेक्सिकन टॅरंटुला ज्या ब्रॅकिपेल्मा प्रजातीतला, तीही त्याच यादीत आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीनुसार अशा यादीतला परदेशी प्राणी जवळ असेल, तर त्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. विक्रेता कागद दाखवत नसेल, तर तिथूनच मागे फिरावे.

उंची नको, खोली हवी

कागदपत्रे चोख असलेला कोळी घरात आहे असे धरू. त्याला घर कसे हवे? पहिला प्रश्न तो मूळचा कुठे राहतो हा. जमिनीवर राहणाऱ्याला आडवी पेटी, झाडावरच्याला उभी पेटी आणि बीळ करणाऱ्याला मातीचा खोल थर.

जमिनीवरच्या कोळ्याच्या बाबतीत माणसे नेमकी इथेच फसतात. उंच, ऐसपैस पेटी दिली म्हणजे तो सुखात राहील, असे त्यांना वाटते. पण टॅरंटुलाचे पोट म्हणजे पातळ कातडीची भरलेली पिशवी. काचेवर चढलेला कोळी हातभर उंचीवरून पडला, तर ती फाटते आणि बहुधा तो वाचत नाही. म्हणून पाय पसरून कोळी १२ सेंटिमीटर भरत असेल, तर पेटी साधारण ३६ सेंटिमीटर लांब व २४ रुंद असावी आणि मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर १८ च्या वर नसावे. पेटी उंच असेल तर मातीचा थर वाढवावा. हवेसाठी बाजूंना बारीक भोके पुरेत. तारेच्या जाळीच्या झाकणात पायांच्या नख्या अडकतात, तेव्हा ते टाळावे. झाकणाला कडी मात्र हवीच. टॅरंटुला फटीतून निसटण्यात पटाईत असतो.

सजावट स्वयंपाकघरातून

तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे रोपवाटिकेत मिळणारे कोकोपीट, दहा-बारा सेंटिमीटर दाबून भरावे. खत किंवा औषध मिसळलेली बागेतली माती चालत नाही. देवदाराचा भुसाही नको, त्याच्या तेलाचा वास कोळ्याला बाधतो.

लपायला जागा हवीच. ती नसेल तर कोळी सदा धास्तावलेला राहतो, खाणे सोडतो. त्यासाठी महागडी गुहा विकत आणायला नको. कडा घासून गुळगुळीत केलेली अर्धी करवंटी किंवा आडवे पुरलेले अर्धे मडके छान काम देते. झाडावरच्या कोळ्यासाठी झाडाच्या सालीचा जाड तुकडा उभा करावा. पाण्याला मातीची पणती उत्तम: उथळ, जड, न कलंडणारी. तिच्यात स्पंज घालण्याची पद्धत सोडून द्यावी, तो लवकर कुजतो. हिरवाई हवी असेल तर मनीप्लांटची फांदी लावावी. टोकदार दगड, शंख-शिंपले, निवडुंग यांना पेटीत थारा नको. रंगीत दिवेही नकोत. टॅरंटुला अंधाराचा सोबती आहे, झगमगाटात तो कोपऱ्यात दडून बसतो.

अहिवाऱ्याचा उन्हाळा

पुस्तकांतले सल्ले बहुतेक थंड देशांतले असतात, पेटी गरम कशी ठेवावी ते सांगणारे. आपल्याकडे प्रश्न उलटा. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातले अहिवारा घ्या. भिलईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनीच्या खाणींशेजारचे हे गाव. नागपूर-गोंदियाप्रमाणेच इथेही मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बहुतेक टॅरंटुलांना मानवते ते २२ ते २८ अंश तापमान. रानातला कोळी असा उन्हाळा बिळाच्या तळाशी बसून काढतो. पेटीतल्याला तळच नसतो.

अशा गावात पेटी खिडकीत ठेवणे म्हणजे कोळी भाजून काढणे. काचेवर पडलेले तासाभराचे ऊनही घात करते. घरातली सर्वांत आतली, थंड खोली निवडावी आणि पेटी जमिनीलगत ठेवावी. माठाखाली ओली वाळू ठेवतात, तशी पसरट परातीत ओली वाळू घेऊन तिच्यावर पेटी ठेवली तर थोडा गारवा मिळतो. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर नको. पणती रोज भरावी.

आणखी एक धोका प्रत्येक मराठी घरात आहे. डासांची अगरबत्ती, द्रवाचे यंत्र, झुरळांचा फवारा, मुंग्यांचा खडू! जे औषध झुरळाला मारते, ते कोळ्यालाही मारते. पेटीच्या खोलीत यांतले काहीही वापरू नये. मुंग्यांसाठी जुना उपाय आहेच: स्टुलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या.

मेला, की कात टाकतोय?

मोठ्या टॅरंटुलाला आठवड्यातून एखादा रातकिडा पुरतो. न खाल्लेला किडा दुसऱ्या दिवशी काढून टाकावा. कधी कोळी आठवडेच्या आठवडे खात नाही आणि एक दिवस पाठीवर उताणा पडलेला दिसतो. मेला समजून त्याला फेकून देणारे काही कमी नाहीत. खरे तर तो कात टाकत असतो. त्या वेळी त्याला हात लावू नये, पेटी हलवू नये आणि आत जिवंत किडा ठेवू नये, कारण मऊ अंगाच्या कोळ्याला रातकिडाही कुरतडतो. कात टाकल्यावर दात कडक होईपर्यंत आठ-दहा दिवस थांबून मगच खाणे द्यावे.

घरात मुले असतील तर एक नियम पक्का: पाहायचे, हाताळायचे नाही. अमेरिकेकडचे अनेक टॅरंटुला पोटावरचे बारीक केस झाडतात. ते डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. आशियातल्या कोळ्यांना असे केस नसतात, पण त्यांचा चावा जबर असतो. पोएसिलोथेरिया चावल्यावर स्नायूंना पेटके येऊन दिवसेंदिवस त्रास होऊ शकतो. चावा झालाच तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा.

ब्रॅकिपेल्मासारख्या जातींची मादी वीस वर्षांहून अधिक जगते. म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टापायी आणलेला कोळी त्याच्या लग्नातही घरात असेल! तेवढी वर्षे पणतीत पाणी घालणारे कुणी आहे का, याचा विचार पेटी आणण्याआधीच करावा. उत्तर नाही असे आले, तर करवंटीत झाड लावावे आणि कोळी पाहायला पावसाळ्यात एखाद्या जाणकाराबरोबर रानात जावे. तिथले त्याचे घर त्यानेच सजवलेले असते आणि ते त्याला पुरते.