चाळ, घरकुल आणि पडाव : कामगारवस्तीच्या आराखड्याचा प्रश्न

शहादा तालुक्यातील म्हसावद हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव असून, या परिसरातील अनेक भिल्ल व पावरा कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेऊन दक्षिण गुजरातमधील साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. हंगाम सरेपर्यंत ती ज्या तळावर राहतात त्याला पडाव म्हणतात, आणि बांबू, पाचट व प्लास्टिकचा कागद एवढ्यावर तेथील झोपडी उभी राहते. कारखान्याच्या गाळपाचे, वाहतुकीचे, गोदामाचे नियोजन काटेकोर असते. ऊस तोडणाऱ्याच्या निवाऱ्याचे नसते. औद्योगिक कामगारांसाठी स्वस्त सामूहिक घरे कशी आखावीत, या प्रश्नाचा महाराष्ट्राला मात्र शंभर वर्षांहून अधिक अनुभव आहे.

मुंबईत 1896 साली प्लेगची साथ आल्यावर दाटीच्या वस्त्या मोकळ्या करण्यासाठी 1898 मध्ये सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने बीआयटी चाळी बांधल्या. पुढे 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते, अर्थात बीडीडी, सुरू झाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी, म्हणजे सुमारे 16,000 खोल्या उभ्या राहिल्या.

या चाळींचा आराखडा काटकसरीचा धडाच आहे. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस आणि इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली सुमारे 160 चौरस फुटांची, आणि शौचालये मजल्यावर सामाईक. वीस बिऱ्हाडांना एकच जिना व एकच मार्गिका पुरत असल्याने आणि नळ व सांडपाण्याचे पाइप एकाच ठिकाणी उभे नेता येत असल्याने दर खोलीमागचा खर्च उतरतो. सामूहिक घर स्वस्त पडते ते मुख्यतः याच कारणाने. मात्र मधल्या मार्गिकेच्या दोन्ही अंगांना खोल्या मांडल्या की खिडकी एकाच भिंतीला उरते आणि वारा आरपार खेळत नाही. जुन्या गॅलरीच्या चाळीत मात्र दार उघड्या सज्जात उघडत असे, त्यामुळे उजेड मिळे आणि वाळवणाला, अभ्यासाला, रात्री पथारी टाकायला तोच सज्जा दुसरी खोली होई.

खरा हिशेब चुकला तो माणसांचा. त्या काळच्या गिरणी कामगारांपैकी पुष्कळांचे कुटुंब गावी असे. एकाच गावचे अनेक गडी मिळून एक गाळा घेत, दिवसपाळी व रातपाळीनुसार आळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. भाडे वाटून घेण्याची ही रीत आणि गिरणीच्या भोंग्याजवळ राहण्याची गरज लक्षात न घेतल्याने, सरकारी चाळींतील अनेक खोल्या सुरुवातीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या, आणि 1930 च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. पुढे कुटुंबे आली, पिढ्या वाढल्या, आणि त्याच 160 चौरस फुटांत संसार थाटले गेले. आज म्हाडा तेथे 500 चौरस फुटांची घरे देत असून, वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये किल्ल्या मिळाल्या.

सोलापूरने वेगळी वाट धरली. तेथील विडी कामगार स्त्रिया तेंदूची पाने घरी नेतात, भिजवतात, कात्रीने कापतात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात आणि तयार माल कारखान्यात मोजून देतात. म्हणजे त्यांचे घर हीच त्यांची कामाची जागा असते. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने या स्त्रिया सहकारी संस्थेत संघटित झाल्या आणि कुंभारी येथे किसान सभेच्या नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची 10,000 घरांची वसाहत 2006 मध्ये साकारली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर आले, त्यातील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये सुपूर्द झाली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ज्या घटकात असे प्रकल्प बसतात, त्यात केंद्र दीड लाख व राज्य एक लाख रुपये देते आणि उरलेला भार लाभार्थीवर पडतो. घराचे चटई क्षेत्र, म्हणजे भिंती वगळून प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, 2015 च्या मूळ नियमांनुसार 30 चौरस मीटरपर्यंत असे. चाळ सरकारने कामगारासाठी आखली होती, तर येथे कामगारच मागणीदार आणि सभासदही होते. हा फरक विटा-सिमेंटच्या फरकाहून मोठा आहे.

पडावाला यातले काहीच जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तेथील कुटुंबाला मालकीचे घर नव्हे, तर काही महिन्यांचा सुरक्षित निवारा हवा असतो. स्थलांतरित कामगारांविषयीच्या 1979 च्या केंद्रीय कायद्याने निवाऱ्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकली होती, आणि 2020 च्या भाड्याच्या घरांच्या योजनेने शयनगृहातील खाटेलाही घराच्या हिशेबात जागा दिली. तरीही बैलगाडी, चूल, धान्याची पोती आणि मुलेबाळे घेऊन येणाऱ्या जोडप्याला खाट पुरत नाही. त्याला उंच जोत्यावरची पक्क्या छपराची खोली, बैलांसाठी मोकळे अंगण, आणि अनेक बिऱ्हाडांत सामाईक असे नळ, बालवाडी व दार लागणारी न्हाणीघरे लागतात. ऊसतोड पहाटेच सुरू होत असल्याने बाईला अंधारातच उठावे लागते, म्हणून न्हाणीघराला दार आणि वाटेवर दिवा ही चैन नव्हे.

खोलीचे क्षेत्रफळ ठरवण्याआधी तिच्यात कोण, किती महिने आणि कोणते काम करीत राहणार, हे विचारले पाहिजे. वरळीत हा प्रश्न उशिरा विचारला गेला, कुंभारीत कामगारांनी तो स्वतःच मांडला. म्हसावदहून निघणाऱ्या कुटुंबांना तो मुकादमाची उचल हातात पडण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.