सुटीतली सुटी

वार्षिक निकाल लागला आणि शाळेच्या फाटकाला कुलूप पडले की लोक आम्हांस म्हणतात, "मास्तर, तुमचे बरे आहे! ३५ दिवसांची सुटी!" गुजरातेतील शाळांना उन्हाळ्यात एवढी सुटी मिळते हे खरे; परंतु मुख्याध्यापकाच्या पिशवीतील प्रवेशअर्ज, सामानाची नोंदवही आणि डागडुजीची अंदाजपत्रके सुटीतही त्याच्यासमवेत प्रवास करीत असतात. काम आणि विश्रांती यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस दर वैशाखात पडतो.

त्याचे अर्धे उत्तर आम्हांस आमच्या बारडोलीतच सापडले. येथील स्वराज आश्रम १९२८ च्या सत्याग्रहामुळे सर्वांस ठाऊक आहे. पुढे वल्लभभाईंच्या आग्रहावरून गांधीजी हिवाळ्यात तेथे मुक्कामास येत. थोडी विश्रांती मिळावी हा हेतू. पण विश्रांती कसली! डिसेंबर १९४१ मध्ये सेवाग्रामहून बारडोलीस येताना आगगाडीतच त्यांनी 'रचनात्मक कार्यक्रम' ही पुस्तिका लिहिली, आणि त्याच मुक्कामात काँग्रेस कार्यकारिणीची बैठकही येथे भरली. तथापि सकाळ-संध्याकाळचे फिरणे, सूतकताई, प्रार्थना आणि सोमवारचे मौन यांच्या वेळा त्यांनी नेमून घेतलेल्या असत. काम माणसाच्या मागोमाग येतेच. पण नेमाने राखलेली वेळ त्याला सहसा गिळता येत नाही, हे आम्ही त्यावरून समजलो.

उरलेले अर्धे उत्तर आम्हांस घरातच मिळाले. काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने अमळनेरजवळच्या आमच्या गावी गेलो. पिशवी बरोबर होतीच. लिंबाखाली खाट टाकून आम्ही दिवसभर पडून असू. पण पिशवी उघडवत नसे आणि विसरवतही नसे. काम झाले नाही, विश्रांतीही झाली नाही. घरात मात्र पहाटेच कुरडयांचा चीक शिजे, ऊन चढेपर्यंत पापड लाटले जात, आणि दोन पंगती उठेपर्यंत सौ. व वहिनी यांची पाठ जमिनीला टेकत नसे. परतीच्या गाडीत नवापूर मागे पडल्यावर आम्ही सहज विचारले, "काय, कशी झाली सुटी?" सौ. खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "छान झाली. आता घरी पोचलो की दोन दिवस जरा पडेन म्हणते." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "बैलालासुद्धा पोळ्याचा एक दिवस असतो, नाही का हो?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते बोल आमच्या जिव्हारी लागले.

मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची सुटी आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. मुलांना हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. पण आपल्या स्वयंपाकघरात रविवार कधी उगवतो का, हे पाहण्याचे आम्हांस कधी सुचले नव्हते.

पुढल्या उन्हाळ्यात गावी पोचताच आम्ही काही नेम ठरविले. सकाळी ७ ते ९ पिशवी उघडायची. त्यानंतर ती खुंटीवर टांगायची आणि मोबाईलही तिच्यातच ठेवायचा. दुपारी १ ते ४ चूल बंद. पाणीसुद्धा ज्याचे त्याने घ्यावे. चारचा चहा पुरुषांनी आणि मुलांनी करावा. वाळवणाला सर्वांनी हात लावावा. पहिल्याच दिवशी चहा उतू गेला आणि आमच्या थोरल्या बंधूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी एका कार्यालयाने तातडीची माहिती मागविली आणि आमचे नऊचे अकरा झाले. तरीही जी पिशवी आदल्या साली महिनाभर उशाशी बाळगूनही रिकामी झाली नव्हती, ती आठ दिवसांत रिकामी झाली. उरलेले दिवस खरोखरच आमचे होते. एका दुपारी ओसरीवर सौ. आणि वहिनी गाढ झोपलेल्या दिसल्या. संसाराच्या इतक्या वर्षांत गावच्या घरी सौ.ला दुपारी झोपलेली आम्ही प्रथमच पाहत होतो. मुलांना खुणेनेच गप्प करून आम्ही चहाचे आधण अर्धा तास उशिरा ठेवले.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची सुटी म्हणजे बहुधा गावची वाट. यंदा सामान बांधण्यापूर्वी घरातील प्रत्येकाची विश्रांतीची वेळ ठरवा, आणि पहिली वेळ घरच्या बाईची ठरवा. उरलेल्या वेळात आपली कामे बसतात, असा आमचा अनुभव आहे.