पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच?

काल शेजारचा मुलगा पीसी उचलून घेऊन आला. पंखे फिरत होते, ग्राफिक्स कार्डाचे दिवे लागत होते, मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. दुकानदार म्हणाला होता, कार्ड गेलं.

इतकी घाई नको. आधी मॉनिटरची केबल बघा. ती मदरबोर्डच्या नाही, कार्डाच्याच पोर्टला हवी.

मग वीज. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी केबल लागते: ६ पिनची ७५ वॅट, ८ पिनची १५०. ती अर्धवट बसली तरी पंखे फिरू शकतात. तिथेच माणूस फसतो!

या मुलाचं कार्ड वजनाने झुकलं होतं, सोनेरी पट्टीची कड स्लॉटबाहेर दिसत होती. मेन स्विच बंद करून कार्ड काढलं, पट्टी खोडरबराने हलक्या हाताने पुसली, ‘खट्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवलं, स्क्रू आवळला. डिस्प्ले आला.

तुमचा डिस्प्ले एवढं करूनही नाही आला तर रॅम काढून पुन्हा बसवा. मग कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवरून चालवून पाहा. मात्र प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स नसतील तर हा उपाय चालणार नाही; उदाहरणार्थ, नावाशेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ते नसतात.

अडलात तर कार्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल लिहून बिनधास्त विचारा.