हाताने केलेली शुभेच्छापत्रं, घरचे फोटो आणि परवडणारा स्कॅनर

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्याच थरात असतं. जिलेटिन ओल शोषतं, फुगतं, मऊ पडतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. त्यामुळे म्हापसा असो, डिचोली असो की पेडणे, जुना अल्बम उघडला की बहुधा तेच दिसतं: पानाला चिकटलेले फोटो, कोपऱ्यांत बुरशीचे ठिपके, फ्रेमच्या काचेला कायमचा चिकटून बसलेला लग्नाचा फोटो. मुलांनी दिवाळीला किंवा आजीच्या वाढदिवसाला केलेली शुभेच्छापत्रं तर याहून नाजूक. त्यांचा गोंद आधी सुटतो, मग रंग उतरतो.

हा ठेवा एका घरापुरता नसतो. लीना व्हिन्सेंट आणि अक्षय महाजन यांनी २०१९ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलसाठी ‘गोवा फॅमिलिया’ हा प्रकल्प उभा केला. त्यात गोव्यातल्या कुटुंबांचे जुने फोटो आणि त्यामागच्या आठवणी गोळा झाल्या. गोवामुक्तीच्या आधीचं आणि नंतरचं रोजचं जगणं, म्हणजे कपडे, घरांचे सोपे, शाळेचे वर्ग, जत्रेची गर्दी, हे अशा घरगुती फोटोंतच टिकून असतं. म्हणून स्कॅनरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. मात्र खोक्यावरचा मोठा आकडा पाहून खरेदी करू नये. पहिला प्रश्न असा विचारावा: जे स्कॅन करायचं आहे, ते काचेला सपाट टेकतं का?

आधी घरातला ठेवा वेगळा करा

सगळे फोटो आणि पत्रं टेबलावर काढून त्यांचे चार गठ्ठे करावेत. पहिला सुट्या, सपाट फोटोंचा. दुसरा हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांचा. त्यावर वाळलेली फुलं, टिकल्या, लोकर, क्विलिंगच्या कागदी गुंडाळ्या असतात. तिसरा काचेला किंवा अल्बमला चिकटलेल्या फोटोंचा. चौथा निगेटिव्हचा. बहुतेक घरांत पहिला गठ्ठा सर्वांत मोठा निघतो. पण स्कॅनर कोणता घ्यायचा, हे दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यावरून ठरतं.

सीआयएस की सीसीडी?

घरगुती फ्लॅटबेड स्कॅनर दोन प्रकारचे असतात. सीआयएस प्रकारात काचेच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी काचेला अगदी लागून सरकते. त्यामुळे यंत्र पातळ, हलकं आणि स्वस्त होतं. यूएसबी केबलमधून येणारी वीजही त्याला पुरते. पण त्याची नजर काचेच्या पृष्ठभागावरच स्थिर असते. वस्तू काचेपासून थोडी जरी वर राहिली, तरी ती धूसर दिसते.

सीसीडी प्रकारात प्रकाश आरशांवरून फिरून भिंगातून सेन्सरपर्यंत पोचतो. त्यासाठी जागा लागते, म्हणून यंत्र जाड आणि जड असतं, किंमतही जास्त. त्या बदल्यात काचेपासून काही मिलिमीटर वर असलेला भागही स्पष्ट येतो.

हा फरक पिंपळाच्या जाळीदार पानावर चांगला दिसतो. कार्डावर असं पान चिकटवलं, की त्याचा देठ आणि मधली शीर किंचित वर उचललेली राहते आणि कडा कागदाला टेकलेल्या असतात. सीआयएस स्कॅनर असं कार्ड दाबून ठेवलं तरच नीट टिपतो, आणि दाबलं की शिरा मोडतात. सीसीडीवर झाकण उघडं ठेवून, वर फक्त काळं कापड टाकलं, तरी शिरेची जाळी सुटी सुटी दिसते.

काचेला चिकटलेल्या फोटोचंही तसंच. तो ओढून काढू नये. जिलेटिनचा थर काचेवरच राहतो आणि चेहरा जातो. फ्रेम उघडून काचेसकट फोटो स्कॅनरवर ठेवावा. फ्रेमची काच साधारण दोन मिलिमीटर जाड असते. तेवढ्या अंतराने सीआयएसची प्रतिमा धूसर होते, सीसीडीची होत नाही.

डीपीआय किती हवा?

डीपीआय म्हणजे एका इंचात टिपलेले ठिपके. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने स्कॅन केला, की २४०० बाय ३६०० ठिपक्यांची, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेलची प्रतिमा मिळते. तिच्यावरून आठ बाय बारा इंचांची उत्तम छपाई होते. कागदावरच्या फोटोत याहून जास्त बारकावा सहसा नसतो. तोच फोटो २४०० डीपीआयने घेतला तर टिफ फाइल सुमारे २६ एमबीवरून ४१५ एमबीवर जाते आणि वाढीव आकारात कागदाचे तंतूच मोठे होऊन दिसतात.

म्हणून साधा हिशेब असा ठेवावा: शुभेच्छापत्रांना ३०० ते ६००, फोटोंना ६००, पासपोर्ट आकाराच्या छोट्या फोटोंना १२००, आणि ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला २४०० किंवा अधिक. खोक्यावर ‘ऑप्टिकल’ लिहिलेला आकडाच खरा मानावा. ‘इंटरपोलेटेड’ आकडा सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरून फुगवलेला असतो.

बाजारात काय मिळतं?

सपाट फोटोंसाठी कॅननचे लाइड ३०० आणि लाइड ४०० हे सीआयएस स्कॅनर पुरेसे आहेत. पहिल्याची ऑप्टिकल क्षमता २४०० डीपीआय, दुसऱ्याची ४८००. ६०० डीपीआयच्या कामात दोघांत फारसा फरक पडत नाही, म्हणून बहुतेक घरांना लाइड ३०० चालतो. त्याचं वजन दोन किलोच्या आत आहे आणि वेगळा अडॅप्टर लागत नाही. एप्सनचा परफेक्शन व्ही ३९ याच वर्गातला. त्याचं झाकण काढून ठेवता येतं, त्यामुळे जाड अल्बम काचेवर पालथा घालणं सोपं जातं.

उठावाची कार्डं, काचेला चिकटलेले फोटो आणि निगेटिव्ह असतील तर एप्सनचा परफेक्शन व्ही ६०० हा सीसीडी स्कॅनर उपयोगी पडतो. याच्या झाकणात दिवा असल्यामुळे निगेटिव्ह आणि स्लाइड स्कॅन होतात. रंगीत निगेटिव्हवरची धूळ इन्फ्रारेड किरणांनी ओळखून पुसण्याची सोयही त्यात आहे. कृष्णधवल निगेटिव्हला मात्र ती लागू पडत नाही, कारण त्यातली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते. व्ही ६०० ची किंमत लाइडच्या कित्येक पट आहे. एका घराला तो जड जात असेल तर दोन-तीन नातेवाइकांनी मिळून घ्यावा. जुना सीसीडी स्कॅनर वापरलेला घेतला तरी चालतो. फक्त काचेच्या आतल्या बाजूला बुरशी किंवा वाफ धरलेली नाही ना, हे टॉर्च मारून पाहावं.

आधी घरात काय आहे ते वापरून बघा

अनेकांकडे ऑल-इन-वन प्रिंटर असतो. त्याचा स्कॅनर बहुधा सीआयएस असतो आणि सपाट फोटोंसाठी बऱ्याचदा पुरतो. एक फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून पडद्यावर मोठा करून पाहावा. डोळे आणि केसांची रेघ स्वच्छ दिसली, तर नवीन यंत्राची घाई नको. वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये मात्र जुना फोटो किंवा कार्ड कधीही घालू नये. रोलर त्याला वाकवतो, ओरखडतो आणि अडकला तर फाडतोही.

मोबाइलही टाकाऊ नाही. गूगलचं फोटोस्कॅन ॲप एका फोटोच्या अनेक प्रतिमा घेऊन काचेवरची चमक कमी करतं. व्हॉट्सॲपवर पाठवायला ते ठीक. सोनेरी फॉइल लावलेलं कार्ड तर स्कॅनरवर काळंच उमटतं. ते व्हरांड्याच्या सावलीत, उन्हाची तिरीप टाळून मोबाइलने टिपलेलं बरं. पण कायम जपून ठेवायच्या प्रतीसाठी फ्लॅटबेडची बरोबरी मोबाइल करत नाही: कडा किंचित वाकड्या येतात आणि उजेड सगळीकडे सारखा पडत नाही.

दुकानात जाताना

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशात येणं होतंच. त्याच फेरीत संगणकाच्या दुकानात डोकवावं. सोबत एक जुना फोटो आणि एक उठावाचं कार्ड न्यावं आणि दोन्ही स्कॅन करून दाखवायला सांगावं. मग पुढच्या गोष्टी विचाराव्यात:

• आपल्या संगणकावरच्या विंडोज किंवा मॅकसाठी ड्रायव्हर मिळतो का? वापरलेला स्कॅनर घेताना हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कंपनीने ड्रायव्हर बंद केला असेल, तर व्ह्यूस्कॅन हे विकतचं सॉफ्टवेअर अनेक जुने स्कॅनर चालवतं.
• झाकणाची बिजागरी वर उचलली जाते का? तशी असेल तरच जाड कार्डावर झाकण समांतर बसतं.
• वॉरंटीत दुरुस्ती कुठे होते आणि यंत्र तिथे कोणी पोचवायचं?
• सीसीडी स्कॅनरच्या तळाशी वाहतुकीचं कुलूप आहे का? घरी आणल्यावर ते उघडावं लागतं आणि पुन्हा नेताना बंद करावं लागतं. त्याकडे दुर्लक्ष झालं तर आतला गाडा अडकतो.

स्कॅन करताना

हे काम नोव्हेंबर ते मे या कोरड्या दिवसांत करावं. फोटोवरची धूळ मऊ ब्रशने झटकावी, फोटोला पाणी लावू नये. काच पुसताना द्रव कापडावर घ्यावा, थेट काचेवर फवारू नये. तो कडेने आत शिरतो. कार्डावर चमकी असेल तर काचेवर आधी पारदर्शक ओएचपी शीट अंथरावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत.

ए-४ काचेवर चार बाय सहाचे तीन फोटो मावतात: दोन शेजारी उभे, तिसरा खाली आडवा. कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावेत, म्हणजे तपकिरी झाक आणि शाईतलं लिखाण कायम राहतं. फोटोची मागची बाजूही घ्यावी. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाला पाठवला त्याचं नाव हे सगळं तिथेच असतं. दाणेदार कागदावरचा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा फिरवून घ्यावा. ज्यात दाणे कमी चमकतात तो ठेवावा. उठावाच्या कार्डावर सावली एकाच दिशेला पडते, तीही अशीच फिरवून पारखावी.

फाइली कुठे ठेवाव्यात?

मूळ प्रत टिफमध्ये, पाठवायची प्रत जेपीईजीमध्ये. चार बाय सहाच्या ५०० फोटोंच्या टिफ प्रतींना सुमारे १३ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये त्या सहज बसतात. तरी एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नये. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या माध्यमांत असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. पुण्यात, मुंबईत किंवा आखातात राहणाऱ्या भावंडाकडे एक प्रत दिली, की हे आपोआप साधतं. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग लिहावा.

मग घ्यावं काय?

फक्त सपाट फोटो असतील तर स्वस्त सीआयएस स्कॅनर घ्यावा आणि जास्त डीपीआयसाठी एक रुपयाही जादा मोजू नये. हाताने केलेली उठावाची कार्डं किंवा काचेला चिकटलेले फोटो बरेच असतील तर सीसीडीच हवा, वापरलेला असला तरी चालेल. अशा दोन-चारच वस्तू असतील तर त्या मोबाइलने टिपाव्यात आणि पैसे वाचवावेत. यंत्र कोणतंही आणा, पण अल्बम घेऊन घरातल्या थोरांजवळ बसा आणि प्रत्येक चेहऱ्याचं नाव लिहून घ्या. ते काम कोणताही स्कॅनर करणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते टाळू नका.